नदीतून उडालेलं पाणी

मी मूळचा पैठणकडचा, राहतो मिशिगनमधल्या नोव्हायला. इथून रूज नदीच्या मधल्या शाखेकडे ओढे वाहतात. त्यांतलं किती पाणी हवेत जातं, याचा मला नाद लागला. बायको याला रिकामटेकडेपणा म्हणते.

१. उडालेलं पाणी सहजासहजी मोजता येत नाही, मोजायचं ते उरलेलं. हवामान केंद्रातलं बाष्पीभवन पात्र म्हणजे १२१ सेंमी व्यासाचं, २५ सेंमी खोल पत्र्याचं भांडं. काल पाणी कुठवर होतं आणि आज कुठवर आहे, एवढंच ते सांगतं. त्याचा पत्रा बाजूंनी तापतो, म्हणून तलावासाठी त्याच्या आकड्याला साधारण ०.७ ने गुणतात. परसातल्या माझ्या भांड्यातलं पाणी खारीही पितात. त्यांचा गुणक कुठल्याच पुस्तकात नाही.

२. नदीला उन्हाइतकीच तिची रुंदी महागात पडते. ५ मीटर रुंद, १० किलोमीटर लांब ओढा घ्या. रोज ५ मिमी पाणी उडालं तर दिवसाला अडीच लाख लिटर होतात. ऐकून छाती दडपते, पण सेकंदाला ते जेमतेम ३ लिटर भरतं. आता आमच्या पैठणच्या धरणाचा जलाशय, नाथसागर. पूर्ण भरला की त्याचा पसारा सुमारे ३५० चौरस किलोमीटर. उन्हाळ्यात त्यातला निम्मा उरला आणि रोज एक सेंमी उडालं असं धरलं, तरी दिवसाला १७५ कोटी लिटर! माझी उन्हाची धास्ती तिथली. इथल्या झाडांखालच्या ओढ्याला ती फारशी लागू नाही.

३. ओढा आटला की खापर उन्हावर फुटतं, पण काठची झाडंही मुळांनी भरपूर पितात. त्यामुळे उन्हाळ्यात पाणी कमी असताना दुपारनंतर ओढा किंचित उतरतो आणि रात्री पुन्हा सावरतो. म्हणून झाडं तोडावीत? तीच तर सावली धरतात, वारा अडवतात, पाणी गार ठेवतात.

४. बाष्पीभवन म्हणजे मे महिना, हे समीकरण मी गावाहून सोबत आणलं होतं. इथल्या महासरोवरांतून सर्वाधिक पाणी उडतं ते शरद ऋतूत आणि हिवाळ्याच्या सुरुवातीला. पाणी उन्हाळाभर तापलेलं असतं आणि वरून कोरडा, गार वारा सुटतो. डाल्टनने १८०२ च्या सुमारास हेच मांडलं होतं: पाण्यालगतच्या आणि वरच्या हवेच्या बाष्पदाबातला फरक पाहा. मिशिगन सरोवरावरची ही वाफ राज्याच्या पश्चिम भागात बर्फ होऊन पडते. थंडीत पाणी जास्त उडतं, असं आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "पाणी नव्हे, तुझी अक्कल उडाली."

५. बाष्पीभवन काढायचं पेनमनचं १९४८ चं सूत्र ऊन, तापमान, आर्द्रता आणि वारा मागतं. वाऱ्याचा आकडा मिळतो विमानतळावरचा, ओढा मात्र खोलगट जागी. म्हणून मी आता एक आकडा सांगत नाही, 'एवढ्यापासून एवढ्यापर्यंत' म्हणतो.

तुमच्या गावच्या नदीचा असा हिशेब मांडणार असाल, तर आधी भर उन्हाळ्यात टेप घेऊन पात्रात उतरा आणि ओली रुंदी मोजा. नकाशावरची रुंदी पावसाळ्यातली असू शकते.