लायनरला बाहेरून खड्डे का पडतात?

प्रश्न : ट्रॅक्टरचं इंजिन खोललं, तर लायनरला बाहेरून सुईने टोचल्यासारखे खड्डे दिसले. शिवाजीनगरच्या गुजरीतून जुना लायनर आणून बसवू का? – एक वाचक, बेंगळुरू

उत्तर : जुना नकोच, त्यालाही असेच खड्डे असू शकतात. पिस्टनच्या धक्क्याने लायनर थरथरतो, पाण्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि फुटताना लोखंड कुरतडतात. आरपार भोक पडलं, की पाणी ऑइलमध्ये उतरतं. म्हणून रेडिएटरमध्ये बोअरवेलचं पाणी घालणं बंद करा. डिस्टिल्ड वॉटर आणि कंपनीने सांगितलेलं हेवी-ड्यूटी कूलंटच वापरा. त्यातली रसायनं लायनरवर संरक्षक थर धरतात. रेडिएटरच्या झाकणाकडे मात्र कुणी बघत नाही! बेंगळुरू सुमारे ९०० मीटर उंचीवर, इथे उघडं पाणी ९७ अंशांनाच उकळतं; झाकणाने धरलेला दाबच ही उकळी लांबवतो. झाकणाचं रबर कडक झालं, की दाब टिकत नाही, बुडबुडे वाढतात. ते आजच तपासा.