गाडी रात्रभर लावली, तरी चार्ज का झाली नाही?

टोरांटो परिसरात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांनी नव्याने येणाऱ्यांसाठी सांगितलेलं

सकाळी ऑफिसला निघताना बघावं, तर आकडा काल होता तिथेच. पहिल्या हिवाळ्यात हे आमच्यापैकी अनेकांनी अनुभवलंय. घाबरू नका. आधी गाडीतलं चार्जिंगच्या वेळेचं सेटिंग बघा. ओंटारिओत काही दरयोजनांत रात्री ११ ते सकाळी ७ वीज फार स्वस्त असते, म्हणून जुन्या गाडीत आधीच्या मालकाने वेळ लावून ठेवलेली असू शकते. मग ब्रेकर पडलाय का ते बघा.

दोन्ही ठीक असेल, तर कारण बहुधा सॉकेट. आपल्याकडे घरात २३० व्होल्ट, इथल्या साध्या सॉकेटला १२०. त्यावर गाडी १२ अँपिअर घेते, म्हणजे जेमतेम १.४ किलोवॉट. उणे २० तापमानात त्यातली बरीचशी वीज बॅटरी ऊबदार ठेवण्यातच जाते.

म्हणून २४० व्होल्टची लाइन घ्याच, पण परवानाधारक इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरकडूनच, आणि विद्युत सुरक्षा प्राधिकरणाकडे कामाची नोंद झाली का, ते विचारा. ५० अँपिअरच्या ब्रेकरवर चार्जर ४०च्या वर चालवायचा नाही. आमच्यातल्या एका घरी स्वस्तातला सॉकेट बसवला होता. महिन्याभराने प्लग ओढला तर एक पिन काळी पडलेली, भोवतीचं प्लास्टिक तपकिरी होऊन फुगलेलं. गॅरेजच्या वरच मुलांची खोली. तेव्हापासून आम्ही प्रत्येकाला सांगतो: चार्जिंग सुरू झाल्यावर तासाभराने प्लगला हात लावून बघा. कोमट चालेल, चटका बसत असेल तर लगेच ब्रेकर बंद करा. एक्स्टेन्शन कॉर्ड तर नकोच.

हायवेवरचा फास्ट चार्जर थंडीत रडत चालला, तर दोष बहुतेक वेळा त्याचा नसतो. गारठलेली बॅटरी जोरात चार्ज केली तर तिला इजा होते, म्हणून गाडी स्वतःच वेग आवरते. निघतानाच नकाशात तो चार्जर मुक्काम म्हणून टाका. बऱ्याच गाड्या वाटेतच बॅटरी तापवून घेतात. ८० टक्क्यांनंतर वेग पडतोच, तेव्हा तिथे ताटकळू नका, मागे रांग असते.

चार्जरने एरर दाखवली, तर जड केबलमुळे प्लग खाली झुकलाय का बघा. हाताने आधार देऊन नीट आत दाबा, नाहीतर शेजारच्या चार्जरवर जा. प्लग निघत नसेल तर आधी गाडी अनलॉक करा. बर्फाने अडकला असेल तर गरम पाणी ओतू नका, गाडीचा हीटर लावून थोडं थांबा.