कोकण किनाऱ्याची सफर : आखणी आणि हिशेब

उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर या आपल्या पट्ट्यातील कारखानदार आणि दुकानदार वर्षातून एकदा तरी घरच्यांना समुद्र दाखवायचे ठरवतो. उल्हासनगरची जीन्स असो, फर्निचर असो की अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतील लहानसहान सुटा माल असो, त्याला रायगड-रत्नागिरीच्या पेठांत गिऱ्हाईक असते. साहजिकच एक विचार मनात येतो : बायकामुलांना घेऊन जायचेच आहे, तर मुरूड, श्रीवर्धन, दापोलीच्या दुकानदारांनाही भेटू, थोडी वसुली करू, दोन ऑर्डरी घेऊ. विचार चांगला आहे. परंतु असे जोडकाम करताना दोन ठिकाणी घोटाळा होतो. एक, खाडीवर वेळ फुकट जातो. दोन, परत आल्यावर कोणता खर्च घरचा आणि कोणता पेढीचा याचा उलगडा होत नाही, आणि भागीदाराच्या मनात किंतु राहतो. या दोन्ही बाजू नीट समजून घेतल्या तर सफरही सुखाची होते आणि वहीही स्वच्छ राहते.

प्रथम रस्ता. बदलापूरकरांनी पनवेलच्या गर्दीत शिरू नये. नेरळ, कर्जत, खोपोली आणि तेथून पेण हा रस्ता त्यांना सोयीचा आहे. उल्हासनगर-अंबरनाथच्या लोकांना शिळफाटा-पनवेल मार्ग जवळचा वाटतो, पण पहाटे निघाले तरच. भाऊचा धक्का ते मांडवा अशी मोटारी नेणारी रो-रो बोट २०२० साली सुरू झाली. मुंबईकरांना ती वरदान आहे, आपल्याला मात्र तिच्यासाठी आधी मुंबईत जावे लागते, म्हणून आपल्या कामाची नाही. पेणच्या पुढे वडखळ नाक्यावर शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते. तेव्हा फजरनंतर लगेच निघावे, आणि शक्य तर सोमवारी निघावे. त्यात आणखी एक फायदा आहे. शनिवार-रविवार किनाऱ्यावर खोल्या महाग असतात आणि पर्यटकांच्या गावातील दुकानदारालाही बोलायला उसंत नसते.

अलिबागहून रेवदंडा, खाडी ओलांडून कोर्लई, मग काशीद आणि मुरूड. हा किनारा सर्वांच्या ओळखीचा आहे. जवळचे चौल हे एकेकाळी मोठे बंदर होते. अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी १४६९ च्या सुमारास येथेच उतरला. मुरूडला जंजिरा पाहावाच. सिद्दींचे हे संस्थान १९४८ पर्यंत टिकले, आणि श्रीवर्धन-म्हसळा हा मुलूखही त्यांच्याच अमलाखाली होता. किल्ल्याकडे जाणाऱ्या शिडाच्या होड्या पावसाळ्यात बंद असतात.

मुरूडच्या पुढे खरी सफर सुरू होते, कारण आता रस्ता सरळ जात नाही, खाड्या आडव्या येतात. आगरदांडा ते दिघी ही पहिली फेरीबोट. दिघीहून दिवेआगर, आरावी, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. तेथून बागमांडला ते वेश्वी ही बाणकोट खाडीवरची दुसरी बोट. मग केळशी, आंजर्ले, हर्णै, दापोली करून दाभोळ, आणि दाभोळ ते धोपावे ही तिसरी बोट. ही बोट २००३ साली सुरू झाली. त्यापूर्वी दाभोळहून समोर दिसणाऱ्या गुहागर तालुक्यात मोटारीने जायचे तर खेड-चिपळूण फिरून शंभराहून अधिक किलोमीटरचा वळसा पडे. आज तेच अंतर काही मिनिटांचे झाले आहे. मात्र ही मिनिटे बोटीवरची. जेटीवर थांबण्याचा वेळ निराळा. सुटीच्या दिवशी दोन-दोन फेऱ्या सोडून द्याव्या लागतात. म्हणून दर खाडीस सोमवार ते गुरुवार एक तास आणि सुटीच्या दिवशी दोन तास धरावे. शेवटची फेरी केव्हा, हे आदल्या मुक्कामी दूरध्वनी करून विचारावे. वारा किंवा ओहोटी पाहून फेरी पुढे-मागे होते.

रेवस ते रेडी असा अखंड सागरी मार्ग व्हावा ही कल्पना बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असतानाच्या काळापासून, म्हणजे १९८०-८२ पासून चर्चेत आहे. अंतुलेसाहेब म्हसळा तालुक्यातील आंबेतचे. खाड्यांनी गावे कशी तुटतात ते त्यांना सांगावे लागले नाही. खाड्यांवरचे मोठे पूल जसजसे खुले होतील तसतसे वरील तासांचे गणित बदलावे लागेल.

आता भरती-ओहोटी. आपल्याकडचे लोक डोंगर-नदीच्या मुलखातले, त्यांना याची सवय नसते. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले चौदा विद्यार्थी बुडाले. त्या घटनेने कितीतरी घरांत काळोख झाला. समुद्र शांत दिसतो म्हणून तो सुरक्षित असतो असे नाही. ओहोटी लागली की पाणी पायाखालची वाळू घेऊन आत ओढते.

कोकणात भरतीचा एक जुना आडाखा आहे : तिथीला पाऊणपट केले की पूर्ण भरतीचे तास येतात. आपल्या घरात हिजरी तारीख भिंतीवर असतेच, तिचाही तसाच उपयोग होतो. चंद्रदर्शन बहुधा द्वितीयेच्या सुमारास होत असल्याने चंद्राच्या तारखेत एक मिळवावा आणि पाऊणपट करावे. समजा चंद्राची ५ तारीख आहे. एक मिळवून सहा, सहाची पाऊणपट साडेचार. म्हणजे दुपारी साडेचारच्या सुमारास (आणि पहाटेही साधारण त्याच वेळी) पूर्ण भरती, आणि सुमारे सव्वासहा तास आधी, सकाळी सव्वादहाला, पूर्ण ओहोटी. चौदा तारखेनंतर तारखेतून चौदा वजा करून आलेला आकडा थेट पाऊणपट करावा : वीस तारखेला सहा उरतात, पुन्हा साडेचार. यात तास-अर्ध्या तासाचा फरक पडू शकतो, म्हणून पोहण्यासाठी केवळ या आडाख्यावर विसंबू नये. पंचांगातील किंवा छापील तक्त्यातील वेळ पाहावी आणि गावच्या कोळ्याला विचारावे. पण मुक्काम आखण्यास हा आडाखा पुरेसा आहे. पाच तारखेस काशीदला सकाळी आठ वाजता मुलांना पाण्यात सोडणे म्हणजे ऐन ओहोटीत सोडणे होय. अकरानंतर, पाणी चढू लागल्यावर, गुडघाभर पाण्यात खेळू द्यावे. चंद्राच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, पाणी फार वर चढते व फार खाली जाते. सात-आठ आणि बावीस-तेवीस तारखेच्या सुमारास भांग असते, चढउतार कमी. बायकामुलांसह जायचे तर भांगाचे दिवस बरे. मोटार वाळूत उतरवू नये. हर्णै असो की काशीद, रुतलेली गाडी आणि चढणारे पाणी यांची गाठ पडली की इंजिनाचा खर्च वर्षाच्या नफ्यातून जातो.

हवामानाचे म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. जून ते सप्टेंबर टाळावे. ज्यांना वसुली आणि ऑर्डरी दोन्ही हव्या त्यांनी मे महिन्याच्या बरेच आधी जावे, कारण मे महिन्यात चाकरमानी आणि आखातातील मंडळी गावी येतात, लग्ने होतात, आणि दुकानदार माल त्यापूर्वी भरतो. ईदचा हंगाम दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे येतो, तो स्वतंत्र पाहावा. कोकणच्या पेठा दुपारी एकपासून चारपर्यंत झोपलेल्या असतात. तेव्हा दुकानदाराला सकाळी साडेदहा ते साडेबारा किंवा असरनंतर भेटावे आणि दुपार समुद्राला द्यावी. असे केले की धंदा आणि सफर एकमेकांच्या आड येत नाहीत. मुरूड, श्रीवर्धन, दापोली येथे धंद्याचे थांबे. दिवेआगर, केळशी, गुहागर येथे घरच्यांचे. दिवेआगर आणि केळशीला सुरूची बने आहेत, वर्दळ कमी असते, पडदा पाळणाऱ्या स्त्रियांना तेथे मोकळेपणाने बसता येते. हर्णैला संध्याकाळी किनाऱ्यावर मासळीचा लिलाव होतो, तो व्यापाऱ्याने पाहण्यासारखा आहे. दाभोळला बोट येईपर्यंत खाडीकाठची जुनी मशीद पाहून घ्यावी. बहमनी आणि विजापूरच्या काळात येथून होर्मुझ आणि एडनशी व्यापार चाले. १५०८ च्या डिसेंबरअखेरीस पोर्तुगीज सेनापती अल्मेडाने हे शहर जाळले.

पहिल्या खेपेस गुहागरच्या पुढे जाऊ नये. तवसाळ-जयगड ही चौथी बोट घेऊन रत्नागिरी गाठता येते, पण मग पाच दिवसांचे सात होतात आणि कारखाना तेवढे दिवस थांबत नाही. निघण्यापूर्वी कारागिरांची मजुरी चुकती करावी, कटिंग करून गठ्ठे बांधून ठेवावे. मजुरी थकवून किनाऱ्यावर गेलेला मालक परत येतो तेव्हा त्याचा चांगला शिलाईवाला दुसऱ्या कॅम्पात बसलेला असतो.

आता हिशेब, आणि हाच भाग बहुतेकजण सोडून देतात. घरातून निघताना दोन बटवे करावे, एक घरचा व एक पेढीचा. वाटेत वसूल झालेली रक्कम पेढीची अमानत आहे. तिच्यातून खोलीचे भाडे देऊ नये, मग ते ‘नंतर टाकतो’ म्हणून का असेना. भागीदाराचे भांडवल आणि आपली मेहनत अशा मुदारबत धंद्यात तर हा मसला जास्त नाजूक आहे. हनफी मतानुसार मेहनत करणारा भागीदार धंद्यासाठी परगावी गेला तर त्याचे खाणे, राहणे, भाडे भांडवलातून घेता येते. सोबत स्वतःचे भांडवलही असेल तर खर्च त्या प्रमाणात वाटला जातो. शाफई मजहबातील प्रबळ मतानुसार प्रवासातही स्वतःचा खर्च भांडवलातून घेता येत नाही. आपल्या पट्ट्यात उत्तरेकडील व दख्खनी कारागीर बहुतांशी हनफी, तर कोकणी बांधव शाफई. दोघे भागीदार असतील तर प्रत्येकाला आपलेच बरोबर वाटते. म्हणून आपापल्या आलिमांना विचारून शर्त निघण्यापूर्वी कागदावर लिहावी. सूरह बकरातील कर्ज-व्यवहार लिहून ठेवण्याबाबतची आयत कुरआनातील सर्वांत लांब आयत आहे, हे आपण पुष्कळदा ऐकतो. वहीपर्यंत मात्र ते पोचत नाही. बायकामुलांचा खर्च कोणत्याही मताने पेढीवर पडत नाही. आयकराचे तत्त्वही तेच आहे : खर्च पूर्णपणे आणि केवळ धंद्यासाठी असेल तरच वजा मिळतो.

एक उदाहरण घेऊ. आकडे मानलेले आहेत, आपापले घालावेत. पाच दिवस, चार रात्री, अंदाजे सहाशे किलोमीटर. इंधन आणि बोटी ५,००० रुपये, दोन खोल्या चार रात्री १२,०००, जेवणखाण ८,०००, एकूण २५,०००. आता स्वतःला विचारावे की मी एकटाच वसुलीला गेलो असतो तर किती लागले असते? किनाऱ्यांचे फाटे सोडून गाडीचे ४,०००, साध्या खोलीचे ३,२००, जेवणाचे १,५००, म्हणजे ८,७००. शर्त मंजूर असेल तर पेढीवर एवढेच टाकावे. उरलेले १६,३०० घरचे. आठ टक्के निव्वळ नफा धरला तर ८,७०० भरून येण्यास १,०८,७५० रुपयांची नवी विक्री हवी, आणि तीही जिचे पैसे खरोखर येतील अशी. तेवढी आशा नसेल तर सरळ घरची सफर म्हणून जावे. त्यात काही कमीपणा नाही.

दोन बारीक गोष्टी. गाडीत नमुन्याचे कपडे न्यायचे तर डिलिव्हरी चलन सोबत ठेवावे. आणि भाड्याची गाडी पिवळ्या पाटीचीच घ्यावी. शेजाऱ्याची पांढऱ्या पाटीची मोटार पैसे देऊन नेली आणि घाटात अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते.

परतीस गुहागरहून चिपळूण गाठून मुंबई-गोवा महामार्गाने कशेडी बोगदा, महाड, माणगाव करीत पेण-खोपोलीवरून यावे. शुक्रवारी सकाळी निघाल्यास रात्री घरी पोचता येते. शनिवारी भागीदारासमोर वसुलीच्या पावत्या व ८,७०० चा कागद एकत्र ठेवता येतो.