म्युझिक व्हिडिओ : आधी मोजा, मग शूट करा!

गॅदरिंगला आपल्या होस्टेलचा जो व्हिडिओ दाखवला, त्याबद्दल मला निदान तीस जणांनी एकच प्रश्न विचारला, "कुठल्या कॅमेऱ्यावर केला रे?" कॅमेरा म्हणजे माझ्या रूममेटचा मोबाईल, तोही एका कोपऱ्यात तडकलेला. पण खरं सांगायचं तर सुरुवातीला मीही कॅमेऱ्याचाच विचार करत बसलो होतो, आणि त्यामुळेच आमचे पहिले दोन दिवस वाया गेले. पुढच्या वर्षी कुणाला असला उद्योग करायचा असेल तर त्याचे तरी वाचावेत, म्हणून हा लेख.

गाणं रूममेटचं स्वतःचं. (दुसऱ्याचं गाणं वापरायचं तर शब्द-चालीचे हक्क वेगळे आणि ध्वनिमुद्रणाचे वेगळे, दोन्हींची परवानगी लागते. त्यापेक्षा घरचं बरं!) विषय आपली मेस. भाजी झाली की मेसचे मामा पातेल्याच्या काठावर पळीने टक-टक वाजवायचे, त्या ठेक्यावरच त्याने चाल बांधली होती. मामा मार्चअखेर काम सोडून कायमचे गावी जाणार होते. त्यामुळे व्हिडिओत मामा हवेतच, हे पहिल्या दिवशीच ठरलं.

माझी मावसबहीण मास मीडियाला आहे. तिच्याकडे म्युझिक व्हिडिओची असाइनमेंट असते आणि कॅमेऱ्याला हात लावायच्या आधी कल्पना, चित्रपट्टी, शॉटची यादी, वेळापत्रक असं सगळं सबमिट करावं लागतं. तिची फाईल बघून मी हसलो. म्हटलं, आमच्या जर्नलसारखंच दिसतंय! तिने मला एकच विचारलं, "गाणं किती ठोक्यांचं आहे?" मला माहीत नव्हतं.

इथून खरा अभ्यास सुरू झाला. गाण्याची लय मिनिटाला १०० ठोके, म्हणजे एक ठोका ०.६ सेकंदाचा. व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेमचा ठेवला तर एका ठोक्याला बरोबर १५ फ्रेम. शाळेत चर्चच्या गायनवृंदात मी चार-चारचे बार मोजायला शिकलो होतो. आमचा तबलेवाला मित्र म्हणाला, "हा केहरवा आहे, आठ मात्रा धर." आठ मात्रांचं एक आवर्तन म्हणजे १२० फ्रेम, ४.८ सेकंद. गाणं ३ मिनिटं १२ सेकंदांचं, म्हणजे बरोबर ४० आवर्तनं. ड्रॉइंग शीटवर ४० चौकोन आखले आणि प्रत्येकात कोण, कुठे, काय करतोय ते लिहिलं. मामांना ३१ आणि ३२ नंबरचे चौकोन मिळाले. शॉट कुठे बदलायचा हे या शीटवरून आपोआप कळतं. समेवर बदलला तर डोळ्याला पटतो, भलतीकडे बदलला तर का खटकतंय हेसुद्धा सांगता येत नाही.

आता ओठ जुळवण्याबद्दल. पूर्वी बोलपटात नटाला सेटवरच गावं लागे. १९३५ च्या 'धूपछाँव'पासून हिंदीत आधी मुद्रित केलेल्या गाण्यावर ओठ हलवायची पद्धत आली, तीच आजही चालते. शूटिंगच्या जागी गाणं मोठ्याने लावायचं आणि गाणाऱ्याने त्याच्याबरोबर खरोखर गायचं, नुसते ओठ हलवले तर गळ्याच्या शिरा खोटं बोलतात! मोबाईलने टिपलेला कच्चा आवाज एडिटिंगमध्ये मूळ गाण्याशी जुळवायचा आणि नंतर काढून टाकायचा. स्पीकर गाणाऱ्याजवळच ठेवा. ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४० मीटर, म्हणजे १४ मीटरवर उभ्या असलेल्या माणसाला गाणं एक फ्रेम, ४० मिलिसेकंद, उशिरा ऐकू येतं. फिजिक्स असं अंगावर येतं. तुम्ही म्हणाल एका फ्रेमने काय होतं? आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार चित्रापेक्षा आवाज सुमारे ४५ मिलिसेकंद आधी आला तरी माणसाला कळतं. उशीर झाला तर मात्र १२५ पर्यंत चालून जातं.

मोबाईल ऑटोवर ठेवू नका. अंधार झाला की तो फ्रेमचा वेग गुपचूप बदलतो आणि गाणं पुढे जाईल तसे ओठ मागे पडतात. मॅन्युअल कॅमेऱ्याचं ॲप घ्या, २५ फ्रेम आणि शटर १/५० पक्कं करा. १/५० चं कारण इलेक्ट्रिकलवाल्यांना लगेच कळेल: आपली वीज ५० हर्ट्झची, जुनी ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, शटर जुळलं नाही तर भिंतीवर काळे पट्टे सरकतात. आमच्या पहिल्या दिवशीच्या मेसमधल्या सगळ्या शॉटमध्ये हे पट्टे आहेत.

स्लो मोशनमध्ये ओठ जुळवायचे तर गाणं दुप्पट वेगाने लावायचं, ५० फ्रेमने शूट करायचं आणि २५ ने दाखवायचं. कोल्डप्लेचा २००० सालचा 'येलो' असाच केलाय. आम्ही हे गच्चीवर केलं आणि गाणारा धापा टाकत खाली बसला.

रेक्टर सरांची परवानगी, कपडे, खाणं वगैरे लिहीत बसत नाही. एकूण खर्च ६४० रुपये, त्यातले ४०० वडापावचे.

आता माझी चूक. मामांचा शॉट त्यांच्या शेवटच्या संध्याकाळी ठेवला होता. पातेलं चढलं, मामा नवा सदरा घालून उभे राहिले आणि स्पीकरची बॅटरी गेली. चार्जर वरच्या मजल्यावर. जाऊन आणायला पाच मिनिटं लागली असती. पण मामांना बस होती, मला घाई झाली. म्हटलं, "मामा, तुम्ही रोजच्यासारखं वाजवा, मी नंतर जुळवतो." त्यांनी सोळा ठोके वाजवले, मला जेवायला वाढलं आणि गेले.

एडिटिंगला बसलो तेव्हा कळलं की मामांची लय मिनिटाला साधारण ८८ होती. प्रत्येक ठोक्याला दोन फ्रेमचा फरक, पाचव्या ठोक्यापर्यंत आठ फ्रेम. वेग वाढवून पाहिला तर मामा मूकपटातल्यासारखे टुणटुण करायला लागले. ठोके सगळे सारखेही नव्हते, हातच तो. एकेक ठोका कापून जुळवला तर पळी मध्येच हवेत उडी मारायची. तीन रात्री गेल्या. रूममेट काही बोलला नाही, आणि तेच जास्त लागलं. त्याच्या गाण्यातली तेवढीच एक गोष्ट परत शूट करता येण्यासारखी नव्हती.

शेवटी तबलेवाला म्हणाला, "मामांना गाण्याशी कशाला जुळवतोस? गाणं थांबव." तसंच केलं. ३१ व्या चौकोनाला सगळी वाद्यं बंद, फक्त मामांची पळी, मोबाईलने टिपलेल्या तिच्या खऱ्या आवाजासकट, मागे शेगडीचा आवाज. सोळा ठोके झाले की ३३ व्याच्या समेवर गाणं परत सुरू. ९.६ सेकंदांच्या जागी १०.९ लागले, म्हणून पुढचे आठही चौकोन १.३ सेकंदांनी सरकवले. शीटवर खाडाखोड झाली, पण शीट होती म्हणून नेमकं काय सरकवायचं ते तरी कळलं.

गॅदरिंगनंतर व्हिडिओ मामांच्या मुलाच्या मोबाईलवर पाठवला. रात्री मामांचा फोन आला. सगळ्यांची चौकशी केली, नवीन माणूस भाजीत मीठ बरोबर टाकतो का विचारलं, आणि मग जरा थांबून म्हणाले, "पोरा, एवढं संथ वाजवतो व्हय मी?"