लासूरच्या तेलाचा साबण होईल का?

मनमाडहून छत्रपती संभाजीनगरकडे रेल्वेने निघालात, तर वाटेत लासूर स्टेशन लागते. गंगापूर तालुक्यातले हे बाजाराचे गाव. मराठवाड्याच्या या काळ्या जमिनीत कापूस पिकतो, रब्बीला करडई येते, आणि बांधावर कडुनिंब उभा असतो. म्हणजे सरकी, करडई आणि निंबोळी अशी तीन तेले इकडच्याच मातीतली. प्राण्याच्या चरबीचा कणही न घालता एवढ्या तेलांवर अंगाचा चांगला साबण बनेल का? हाताने केलेल्या अशा साबणाला आता शहरांत 'व्हीगन साबण' म्हणतात. नाव नवे आहे, प्रश्न जुनाच आहे.

आधी साबण म्हणजे काय ते पाहू. तेलाच्या रेणूत ग्लिसरिनाला मेदाम्लाचे तीन रेणू जोडलेले असतात. तेलात कॉस्टिक सोड्याचे (सोडियम हायड्रॉक्साइडचे) द्रावण मिसळले, की ही जोड तुटते. ग्लिसरीन सुटे होते आणि मेदाम्लाचा सोडियम क्षार तयार होतो. हा क्षार म्हणजेच साबण. साबण लोक शेकडो वर्षे करीत होते. पण त्यात नेमके काय घडते याचा उलगडा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रल याने केला. त्याचा ग्रंथ १८२३ साली प्रसिद्ध झाला.

मग साबणवाल्यांना चरबीच का हवी असे? ती स्वस्त होती हे एक कारण. दुसरे कारण रेणूंच्या आकारात आहे. चरबीत पामिटिक आणि स्टिअरिक ही संपृक्त मेदाम्ले पुष्कळ असतात. त्यांच्या साखळ्या सरळ असल्याने रचलेल्या काड्यांप्रमाणे त्या एकमेकींना चिकटून बसतात आणि वडी घट्ट होते. करडईच्या तेलात सुमारे तीन चतुर्थांश लिनोलिक आम्ल असते. त्यात दोन दुहेरी बंध असतात, तेथे साखळी वाकते, आणि वडी मऊ राहते. शिवाय याच दुहेरी बंधांवर हवेतला ऑक्सिजन हल्ला करतो. मग वडीवर पिवळट डाग पडतात आणि खवट वास सुटतो. ज्या गुणासाठी करडईचे तेल आपण स्वयंपाकात नावाजतो, तोच इथे आडवा येतो! सरकीच्या तेलात पामिटिक आम्ल जवळजवळ चतुर्थांश असले, तरी निम्म्याहून अधिक लिनोलिकच. निंबोळीचे तेल या बाबतीत बरे, वडी बऱ्यापैकी घट्ट होते. पण तो वास सहन करण्याची तयारी हवी.

ही उणीव खोबरेल भरून काढते. त्यात निम्म्याच्या आसपास लॉरिक आम्ल असते. हे संपृक्त, आणि साखळी अवघ्या १२ कार्बन अणूंची; म्हणून वडी कडक होते आणि फेसही भरपूर येतो. मात्र नुसत्या खोबरेलाचा साबण कातडी कोरडी करतो. तेव्हा निम्मे तेल लासूरचे आणि निम्मे समुद्रकाठचे, असा समझोता करावा लागतो.

हे गणित मुंबईत फार पूर्वी सुटले होते. अर्देशीर गोदरेज यांनी १९१८ साली चरबीविरहित 'चावी' साबण बाजारात आणला. हा जगातला पहिला वनस्पतिजन्य साबण होता असे कधी कधी लिहिले जाते, ते मात्र मानू नका. अलेप्पो आणि मार्सेय येथे ऑलिव्ह तेलाचा साबण त्याआधी कित्येक शतके होत होता.

आता थोडे आकडे. १०० ग्रॅम खोबरेलाला सुमारे १८.३ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो, तर तेवढ्याच करडई तेलाला १३.६ ग्रॅम. असे का? खोबरेलाचे रेणू हलके, म्हणून तेवढ्याच वजनात त्यांची संख्या जास्त. आणि प्रत्येक रेणूला सोड्याचे तीन रेणू हवेतच. दोन्ही तेले ५०-५० ग्रॅम घेतली तर ९.१५ + ६.८ = १५.९५ ग्रॅम. वडीत सोडा शिल्लक राहू नये म्हणून ५ टक्के कमी घ्यावा, म्हणजे सुमारे १५.१५ ग्रॅम.

हा प्रयोग शिक्षकांनीच करावा. विद्यार्थ्यांनी गणित करावे आणि चष्मा लावून लांबून पाहावे. कॉस्टिक सोडा कातडी आणि डोळे जाळतो. सोडा हळूहळू पाण्यात टाकावा, सोड्यावर पाणी कधीही ओतू नये. ॲल्युमिनियमचे भांडे चालत नाही, सोडा ते खातो आणि हायड्रोजन वायू सुटतो, स्टीलचे घ्यावे. वड्या चारेक आठवडे वाळू द्याव्यात.

साबण पूर्ण वनस्पतिजन्य आहे की नाही, हे घटकांच्या यादीवरून पाहावे. 'सोडियम टॅलोएट' म्हणजे चरबीचा साबण, 'सोडियम पामेट' म्हणजे पाम तेलाचा. मध, मेण, दूध, लोकरीतले लॅनोलिन हेही प्राणिजन्यच. खरी पंचाईत स्टिअरिक आम्लाची आणि ग्लिसरिनाची होते. चरबीतून काढा वा तेलातून, रेणू अगदी एकच. नुसत्या नावावरून मूळ कळत नाही, ते बनवणाऱ्यालाच विचारावे लागते.

वड्या तयार झाल्या, की एक तुकडा विहिरीच्या पाण्यात आणि एक पावसाच्या पाण्यात घुसळून पाहा. विहिरीचे पाणी दुष्फेन असेल, तर त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून पांढरा साका धरतील. नुसत्या करडईच्या आणि नुसत्या खोबरेलाच्या वडीचा फेसही त्याच पाण्यात ताडून पाहा.