एका कसोटीचा गोलंदाज



आपल्या धर्मग्रामातील एक मुलगा चांगली जलद गोलंदाजी करतो. गेल्या महिन्यात तो निवड चाचणीहून परतला आणि थेट माझ्याकडे आला. यादीत नाव नव्हते. "फादर, माझं सगळं संपलं," म्हणाला. वय वर्षे सतरा! मी त्याला चहा दिला आणि आपल्याच जिल्ह्यातल्या एका गोलंदाजाची हकिकत सांगितली. तीच आज आपल्यापुढे ठेवतो.

सदाशिव पाटील यांचा जन्म १० ऑक्टोबर १९३३ रोजी कोल्हापुरात झाला. ते मध्यमगती गोलंदाजी करीत. १९५२-५३ च्या हंगामात महाराष्ट्राकडून ते पहिलाच सामना खेळले, तोही रणजी विजेत्या मुंबईविरुद्ध. एका टोकाने न थांबता त्यांनी गोलंदाजी केली. मुंबई ११२ धावांत गारद झाली आणि पुढे महाराष्ट्राने सामना १९ धावांनी जिंकला.

डिसेंबर १९५५ मध्ये मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर न्यूझीलंडविरुद्ध त्यांना कसोटी खेळायला मिळाली. तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. विनू मंकड यांनी २२३ धावा केल्या, भारत एक डाव २७ धावांनी जिंकला. नव्या चेंडूने सुरुवात करणाऱ्या पाटलांनी दोन्ही डावांत जॉन रीडसारखा फलंदाज बाद केला. फलंदाजीत नाबाद १४. एवढेच. पुन्हा बोलावणे आले नाही. नापास झाले म्हणावे, तर संघ डावाने जिंकलेला! पण तो काळ फिरकीचा होता. त्या मालिकेत एकट्या सुभाष गुप्ते यांनी ३४ बळी घेतले.

आपण बहुतेकजण इथेच गोष्ट थांबवतो. पाटील मात्र १९६४ पर्यंत महाराष्ट्राकडून खेळत राहिले, संघाचे कर्णधारही झाले. प्रथम श्रेणीचे ३६ सामने, ८३ बळी, ८६६ धावा. शिवाय १९५९ आणि १९६१ साली ते इंग्लंडमध्ये लँकेशायर लीगमध्ये व्यावसायिक खेळाडू म्हणून गेले. त्यांच्या क्लबचे नाव 'चर्च'! (हसू नका, त्या नावाचे गावच आहे, ॲक्रिंग्टनजवळ.) त्या लीगमध्ये प्रत्येक क्लबात पगारी खेळाडू एकच, बाकीचे गावातले हौशी. त्यामुळे सगळ्यांचे डोळे त्या एकावर. त्याने चांगली कामगिरी केली की मैदानात प्रेक्षकांमधून पैसे गोळा करीत, आपल्याकडे मिस्सेत झोळी फिरते तसे. तिथे ५२ सामन्यांत पाटलांनी १११ बळी घेतले.

सेमिनरीत आम्ही ॲरिस्टॉटल शिकलो. काही कामांचे फळ कामाबाहेर असते, जसे घर बांधणे. काही कामे करतानाच पुरी होतात, जसे पाहणे. गोलंदाजी कशात मोडते? माझ्या मते दोन्हींत. म्हणून तर नाव यादीत नसले की एवढे दुखते, आणि म्हणूनच दुसऱ्या दिवशी माणूस पुन्हा चेंडू हातात घेतो. त्या मुलाचे दुःख खोटे आहे, असे मी त्याला म्हणालो नाही.

१५ सप्टेंबर २०२० रोजी, ८६ व्या वर्षी, पाटील कोल्हापुरात आपल्या घरी झोपेतच वारले. बातम्यांत पहिला उल्लेख त्या एका कसोटीचाच होता.

मुलगा बोटांवर हिशेब करीत होता. "फादर, बावन्न सामन्यांत एकशे अकरा, म्हणजे सामन्याला दोन पडले की. कसोटीतही दोनच होते ना?"

मी म्हटले, "होय, दोनच."