प्रोसेसर बदलायचाय? आधी दहा मिनिटं थांबा!

मराठीत लेख लिहायचा म्हणजे मला जरा टेन्शनच येतं. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये मराठीचा एक तास सोडला तर सगळं इंग्रजीतच होतं, त्यामुळे शुद्धलेखन सांभाळून घ्या. पण या विषयावर गप्प बसवत नाही, कारण माझ्या सल्ल्यामुळे एकाचे पैसे गेले आहेत.

तो एक म्हणजे माझा रूममेट. गेल्या वर्षी त्याच्या पीसीत रायझन ५ २६०० प्रोसेसर आणि जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड होतं. सायबरपंक २०७७ अडकत अडकत चालायचं. मी छातीठोकपणे सांगितलं, "प्रोसेसर बदल, सगळं सुटेल." घरून सोयाबीनचे पैसे आले होते, त्यातून त्याने रायझन ५ ५६०० घेतला. रात्री बसवला तेव्हा आठ-दहा जण भोवती उभे! आधी सेकंदाला ३१ फ्रेम्स मिळायच्या, आता ३३. "का बे, हे तर तेवढंच पळायलंय!" एवढंच तो बोलला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

चूक कुठे झाली? मेसचं उदाहरण घ्या. एक मावशी पोळ्या लाटतात, दुसऱ्या भाजतात. तवा एकच असेल तर लाटणाऱ्या मावशी कितीही चपळ आणा, ताटात पोळी तेव्हाच पडणार. गेममध्ये कोण कुठे आहे, गोळी कुणाला लागली हा हिशोब प्रोसेसर करतो (हे लाटणं), आणि त्याचं चित्र ग्राफिक्स कार्ड रंगवतं (हे भाजणं). आमचा तवाच छोटा होता.

हे फुकटात कळलं असतं. गेमचं रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणायचं. फ्रेम्स भराभर वाढल्या तर ग्राफिक्स कार्ड कमी पडतंय. जवळपास तेवढ्याच राहिल्या तर प्रोसेसर. ही चाचणी आम्ही पैसे गेल्यावर केली! व्हॅलोरंटचं मात्र उलटं. तो गेम प्रोसेसरवर जास्त अवलंबून असतो, त्यामुळे तिथे फ्रेम्स चांगल्याच वाढल्या. पण हा पठ्ठ्या व्हॅलोरंट महिन्यातून एकदा खेळतो.

आता डिझाइनवाल्यांकडे वळू. इथे "जास्त कोअर म्हणजे जास्त वेग" ही समजूत फार आहे. ऑटोकॅड, स्केचअप, सॉलिडवर्क्समध्ये ड्रॉइंग किंवा मॉडेल करताना बहुतेक काम एकाच कोअरवर चालतं. टास्क मॅनेजर उघडला तर प्रोसेसर जेमतेम ८-१० टक्के वापरात दिसतो आणि सॉफ्टवेअर मात्र गोठलेलं! बारा थ्रेडच्या प्रोसेसरमध्ये एक थ्रेड पूर्ण राबला तरी एकूण आकडा साधारण ८ टक्केच येतो, हे लक्षात ठेवा. अशा वेळी नव्या पिढीचा, एकेक कोअर वेगवान असलेला प्रोसेसर हवा, कोअरची संख्या नव्हे. ब्लेंडर किंवा व्ही-रेचं प्रोसेसरवरचं रेंडरिंग वेगळं, ते मिळतील तेवढे सगळे कोअर खातं.

याचं गणित जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलं. समजा एक काम १०० मिनिटांचं आहे, त्यातली ६० मिनिटं वाटून घेता येतात, ४० येत नाहीत. ६ कोअरवर ते ४० + १० = ५० मिनिटांत होईल. १२ कोअर घेतले तर ४० + ५ = ४५. दुप्पट कोअर, बचत पाच मिनिटं! पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक अनेक छोटे प्रोसेसर जोडूनच उभा केला, पण त्यालाही काम वाटता येणारंच लागायचं.

दिवाळीला लातूरला गेलो तेव्हा मावसभावाने तोच प्रश्न विचारला. दादा गंजगोलाईजवळ घरांची डिझाइन्स करून देतो. रायझन ३ ३२००जी, चार कोअर, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. एका रेंडरला नऊ तास! रात्री वीज गेली की काम पुन्हा पहिल्यापासून. या वेळी मी आधी मोजलं. रेंडर करताना चारही कोअर १०० टक्के, म्हणजे इथे प्रोसेसरच हवा होता.

दुकानदार ५६०० दाखवत होता. तो घेतला असता तर स्क्रीन काळीच राहिली असती, कारण त्यात ग्राफिक्स नाही. (इंटेलच्या १२४००एफ मधला 'एफ' हेच सांगतो.) आम्ही ५६००जी घेतला: सहा कोअर, बारा थ्रेड, शिवाय आतच ग्राफिक्स. सोबत ८ जीबीची दुसरी रॅम. दादाचा बी४५० बोर्ड तसाच चालला. २०२० मध्ये एएमडीने आधी या बोर्डांना नवी पिढी देणार नाही असं जाहीर केलं होतं, ग्राहक ओरडल्यावर निर्णय फिरवला. त्याचा फायदा आम्हाला लातुरात झाला! एएम५ वर जायचं तर बोर्ड बदला, डीडीआर५ रॅम घ्या, आणि २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव कसे भडकले ते आपण पाहिलंच.

बायोस अपडेट मात्र जुना प्रोसेसर काढायच्या आधी करा, तेही यूपीएसवर. मध्येच वीज गेली तर बोर्डची वीट होऊ शकते. पत्र्याखाली बसणाऱ्यांनी कूलरची धूळही काढावी. मे महिन्यात दादाचं रेंडर दुपारी आणखी रेंगाळायचं, कारण फार तापला की प्रोसेसर आपणहून वेग कमी करतो. नवा पेस्ट लावून, धूळ काढून आता तेच रेंडर साडेतीन तासांत होतं.

रूममेट सध्या ग्राफिक्स कार्डासाठी पैसे साठवतोय. अर्धे मी देणार आहे, तो नाही म्हणतो तरी. कुणाला आपल्या पीसीची चाचणी करायची असेल तर रात्री जेवणानंतर आमच्या रूमवर या. येताना मदरबोर्डचं नाव तेवढं लिहून आणा.